कुंकू काळं का दिसतं?

वाईच्या घाटाचं एकोणिसाव्या शतकातलं एखादं छायाचित्र समोर आलं की आधी डोळ्यांत भरतं ते ढोल्या गणपतीचं शिखर, मग पायऱ्यांची लांबलचक ओळ. नदीत पाणी दिसत नाही हे जरा उशिरानं लक्षात येतं. नदी असते, पण तिच्या जागी एक पांढुरका, सपाट, धुरकट पट्टा पसरलेला असतो. त्यावर ना लाट, ना तरंग. घाटही बहुतेक रिकामाच. कुठे एखादा माणूस खांबाला टेकून बसलेला. पाहणारा हळहळतो, "किती शांत होती हो तेव्हा वाई!"

वाई शांत नव्हती. सकाळच्या वेळी घाटावर धुणी धोपटली जात होती, राखेनं भांडी घासली जात होती, कुणी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून अर्घ्य देत होतं, पोरं सूर मारत होती. आवाज करणारं सगळं हलत होतं, आणि जे हलत होतं ते कॅमेऱ्यातल्या काचेनं टिपलंच नाही. भिंगावरचं झाकण काढून छायाचित्रकार मनात आकडे मोजत उभा राहायचा: पाच सेकंद, दहा, उजेड कमी असला तर वीससुद्धा. तेवढ्या वेळात घागर भरून निघून गेलेली बाई काचेवर उमटण्याइतकी एका जागी थांबलीच नाही. हजार लाटा एकमेकींत मिसळल्या आणि त्यांची सरासरी तेवढी उरली. देवळावरचा भगवा वाऱ्यावर फडफडत असला तर काठी येते, झेंडा येत नाही.

याचं जगातलं गाजलेलं उदाहरण पॅरिसचं आहे. १८३८ साली लुई डागेरनं आपल्या खिडकीतून भर वर्दळीच्या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. काही मिनिटं पाटी उघडी राहिली. घोडागाड्या, फेरीवाले, माणसं, सगळी नाहीशी झाली. उरला एक गृहस्थ, कारण तो बुटांना पॉलिश करून घ्यायला पाय पुढे करून उभा होता. माणसाचा पहिला फोटो म्हणून जगभर मिरवतो तो असा योगायोगानं थांबलेला माणूस.

तेव्हा जुन्या छायाचित्रात शिरायचं तर माझ्या मते पहिला नियम हा: जिथे धूसर डाग दिसेल तिथे आवाज आहे असं समजावं. पायरीच्या कडेला धुक्यासारखं काही दिसलं तर तिथे कुणी तरी धुणं बडवत असेल. झाडाचा शेंडा पुसट असेल तर त्या दिवशी वारा होता. बैल स्पष्ट आणि त्याचं शेपूट गायब, म्हणजे माशा होत्या. कोरीव, रेखीव, ठसठशीत जे दिसतं तेच खरं तर त्या क्षणी मुकं होतं.

स्टुडिओतल्या चेहऱ्यांचंही थोडंफार असंच. आजोबा-पणजोबा फोटोत रागावलेले दिसतात, कारण हसू काही सेकंद एकसारखं धरून ठेवता येत नाही. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी स्टँडचा चिमटा डोक्याला टेकवलेला असे. पुष्कळ फोटोंत पायांच्या मागे त्याची बैठक डोकावते. फोटो काढून घेताना हसणं थिल्लरपणाचं मानलं जाई, हेही खरंच. पण मानेमागचा तो थंड लोखंडी स्पर्श आठवला की त्या डोळ्यांतला ताठपणा वेगळा वाटायला लागतो.

आता जरा कॅमेऱ्याच्या मागे जाऊ, कारण वासाचा सगळा मामला तिकडे आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानं ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं जगभर तीच चालली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या वर्षांत भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हौसेनं फोटोग्राफी करत होते. आज 'हौस' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्याच्याशी या उद्योगाचा काही संबंध नव्हता. रासायनिक प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून केलेला कलोडियन नावाचा चिकट द्राव काचेवर ओतायचा, काच तिरपी करत करत तो सारखा पसरवायचा, मग ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. फोटो घेतल्यावर पुन्हा धावत तंबूत. हिराकशीच्या पाण्यानं चित्र उमटवायचं, ते धुवायचं, आणि पुष्कळदा चक्क सायनाइडनं पक्कं करायचं. हे सगळं काच वाळायच्या आत, म्हणजे दहाएक मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हात त्याहूनही घाई.

म्हणून घाटावर फोटो काढायचा तर घाटाजवळच एक अंधारा तंबू ठोकावा लागे. आत गुदमरायला होईल असा ईथरचा गोडसर, डोकं जड करणारा वास. धुवायला कृष्णेचं पाणी. त्यात गाळ असला तर तोही काचेवर बसायचा. छायाचित्रकाराची बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलेली, आणि ती धुऊन निघत नाहीत. फोटोत दिसणाऱ्या, खांबाला टेकून बसलेल्या त्या माणसाच्या नाकात त्या क्षणी शेणसारवणाचा, ओल्या दगडाचा आणि उदबत्तीचा वास असेल, पण वारा तंबूकडून येत असेल तर ईथरचाही असणार. आपण त्याच्याकडे पाहतो. तो मात्र काळ्या कापडाखाली डोकं खुपसलेल्या, काळ्या बोटांच्या एका विचित्र मनुष्याकडे पाहत होता.

या सगळ्यापेक्षा मोठी फसवणूक रंगांची आहे, आणि ती लोकांना माहीत नसते. आपण समजतो की कृष्णधवल छायाचित्र म्हणजे रंग वजा केलेलं जग. गडद रंग काळे, फिके रंग पांढरे. ओल्या काचेच्या बाबतीत हे साफ चूक आहे. तिच्यावरचं चांदीचं संयुग फक्त निळ्या, जांभळ्या आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशानं बदलतं. हिरवा तिला जेमतेम कळतो. पिवळा, केशरी, लाल तिच्या लेखी अंधार.

हे ध्यानात ठेवून वाईच्या रस्त्यावर उतरलं की उलथापालथ होते. निळं आकाश पांढरंफटक, त्यात ढग असले तरी बुडालेले. लांबच्या डोंगरांवर दुपारी जो निळसर धूर चढतो तो काचेला भगभगीत दिसतो, म्हणून पांडवगडाची रेघ आकाशात विरघळून जाते आणि गाव उघड्या माळावर वसल्यासारखं वाटतं. वडा-पिंपळाची झाडं काळी ढेकळं होतात. शाईच्या रंगाचं निळं लुगडं पांढुरकं येतं आणि पिवळं पीतांबर काळपट. पगडी काळी दिसते. टिळकांची पगडी लाल होती हे आपल्याला ठाऊक आहे ते ऐकून आणि रंगीत चित्रांवरून, फोटोंवरून नव्हे.

हळद आणि कुंकू यांची गंमत तर निराळीच. जुन्या रीतीचं कुंकू हळदीपासूनच करत: हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस पाजला की पिवळ्याचं लाल होतं. ओल्या काचेला हा बदल कळतच नाही. तिच्यासाठी दोन्ही काळीच. वाई आणि पलीकडे सांगली हा हळदीचा मुलूख. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. हिवाळ्याच्या अखेरीस हळद शिजवल्याचा कडवट-मातकट वास शेतांवर रेंगाळतो, अंगणात हळकुंडं पसरलेली असतात. अशा अंगणाचा फोटो त्या काळी कुणी काढला असता तर पाहणाऱ्यानं विचारलं असतं, इथे कोळसा वाळत घातलाय का?

पण मला सगळ्यांत अस्वस्थ करते ती दोन लालांची गोष्ट. वाईसारख्या ब्राह्मणवस्तीच्या गावात त्या काळी घाटावर दोन प्रकारचे लाल रंग रोज एकमेकांशेजारून जात. एक सवाष्णीच्या कपाळावरचा. दुसरा केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावरचा, डोक्यावरून घेतलेल्या आलवणाचा. एक लाल रंग मानाचा, दुसरा मान काढून घेतल्याचा. डोळ्यांना हे इतकं उघड होतं की लांबून येणारी बाई कोण ते चेहरा दिसण्याआधी कळायचं आणि माणसं त्याप्रमाणे वाट देत किंवा टाळत. काचेनं दोन्ही लाल सारखेच काळे केले. आज त्या फोटोत आपल्याला काळ्या वस्त्रातली एक स्त्री दिसते. काळं म्हणजे दुःख, असं मनाशी म्हणून आपण पुढे जातो. तिच्या अंगावर दुःखाचा नव्हे, शिक्षेचा रंग होता आणि तो झगझगीत होता.

कातडीच्या रंगाचंही तेच. आपल्या त्वचेवरून लाल प्रकाश जास्त परावर्तित होतो, निळा कमी. म्हणून ओल्या काचेवर प्रत्येक माणूस प्रत्यक्षाहून काळा, रापलेला, सुरकुतलेला येतो. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. इथल्या जातीजमातींचे फोटो आणि त्यांच्या स्वभावाविषयी शेरे. असे फोटो पाहून या लोकांबद्दल मतं बनवणाऱ्या लंडनच्या वाचकाला कुणी हे सांगितलं नसणार की चेहऱ्यावरचा निम्मा राठपणा रसायनाचा आहे.

पुढे काच सुधारली. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८७३ साली आढळलं की लेपात विशिष्ट रंग मिसळले तर त्याला हिरवाही दिसू लागतो. जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, तंबू गेला, सेकंदांचे अंश झाले, आणि नदीत एकदाची लाट उमटली. लाल मात्र बरीच वर्षं बाहेरच राहिला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' दाखवला तेव्हाच्या फिल्मलाही लाल दिसत नसे. मूकपटांतले नट पांढरे रंग फासून का वावरतात याचं एक कारण हे: रंगभूमीची लाली तशीच लावली तर गालावर खड्डे पडल्यासारखे दिसत. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा चालायचा तोही याच आंधळेपणाच्या भरवशावर. सगळे रंग जाणणारी पँक्रोमॅटिक फिल्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात रुळली. हे ओळखायला एक घरगुती कसोटी चालते: हळद लावलेला नवरदेव फोटोत काळवंडलेला आहे की उजळ? काळवंडलेला असेल तर काच जुनी.

पँक्रोमॅटिकनंही एक घोळ घातलाच. तिच्यावर लाल आणि हिरवा जवळजवळ एकाच राखाडी छटेचे येऊ शकतात. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांच्या घरी आग्फाचा क्लिक थ्री होता, किंवा ज्यांनी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घातला, त्यांनी आपले लग्नाचे अल्बम काढून पाहावेत. लाल काठाची हिरवी साडी असेल तर काठ शोधावा लागतो. हिरवा चुडा आणि शालू एकमेकांत मिसळून जातात.

तर मग अशा छायाचित्राच्या आत खरोखर उभं राहता आलं तर कसं वाटेल? अनुभव अगदीच अशक्य नाही. आपल्या डोळ्यांत दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अंधुक प्रकाशात जागतात, त्यांना रंग कळत नाहीत. दंडपेशी साधारण ५०० नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात, लाल त्यांना जवळपास दिसत नाही. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे फोटोग्राफी लोकांसमोर येण्याच्या आधीच, हे टिपून ठेवलं होतं: पहाटे लाल फुलं काळी दिसतात आणि निळी आधी उजळतात.

वाईत मुक्काम असेल तर एकदा तांबडं फुटायच्या बरंच आधी गणपती घाटावर जावं. विजेच्या दिव्यांकडे पाठ करावी आणि वीसएक मिनिटं डोळे सरावू द्यावेत. बरोबर थोडं कुंकू आणि एखादं गोकर्णाचं फूल ठेवावं. कुंकू काळं दिसतं, फूल फिकट. दगडाची घडण, पायऱ्यांच्या कडा, शिखराचा आकार सगळं आहे, पण नीट रोखून पाहायला जावं तर वस्तू निसटते, कारण दृष्टीच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसतात. लाल न दिसणाऱ्या जुन्या काचेच्या जगाशी सर्वांत जवळची जागा ही. त्या जगात आपण रोज शिरतो आणि उजाडलं की बाहेर येतो. लक्ष देत नाही इतकंच.

ज्याला बाहेर येता आलं नाही अशा एका माणसाची हकिगत ऑलिव्हर सॅक्स या मज्जाविकारतज्ज्ञानं लिहून ठेवली आहे. अमेरिकेतला एक चित्रकार, वय पासष्ट. मोटार अपघातात मेंदूला मार बसला आणि रंग कायमचे गेले. त्याला जग काळ्या-पांढऱ्या सिनेमासारखं रम्य दिसलं नाही. घाणेरडं, शिशाच्या रंगाचं, मेलेलं दिसलं. माणसांची कातडी उंदरासारखी करडी, टोमॅटो काळा. जेवण किळसवाणं वाटू लागलं म्हणून तो डोळे मिटून जेवू लागला, पण मनातला टोमॅटोही काळाच होता. शेवटी मुळातच काळे-पांढरे असलेले पदार्थ त्याला बरे वाटू लागले: काळी ऑलिव्ह, पांढरा भात, काळी कॉफी, दही. आपल्या पानाचा विचार केला तर दहीभातावर निभावलं असतं. करड्या वरणात करडी लिंबाची फोड पिळून पाहावी म्हणजे कळेल. जुन्या फोटोतल्या जेवणावळी आपल्याला सात्त्विक वाटतात, हा आपला पाहुण्याचा दृष्टिकोन.

छायाचित्रात मुळात आलंच नाही असंही बरंच आहे. स्वयंपाकघर नाही, कारण तिथे उजेड नव्हता आणि फोटोवाल्याला प्रवेशही नव्हता. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून झगझगाट करायची युक्ती १८८७ साली निघाली, पण माजघरात ती कोण पेटवू देणार! म्हणून चुलीचा धूर, जात्याची घरघर, शेवटच्या खोलीतली बाळंतिणीची शेगडी यांचे फोटो नाहीत. पावसाळा नाही. पावसात काच, रसायनं आणि उजेड तिन्ही बिघडतात, त्यामुळे जुन्या फोटोंतला महाराष्ट्र बारमाही कोरडा, मार्गशीर्ष-पौषातला. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि त्या पाण्यातला कृष्णेचा वाटा वाईवरून जातो. धोम धरण व्हायच्या आधी तो अडवायला काही नव्हतं. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दोन्हीकडे फाकेल अशी घडवली. फोटोतली नदी निवांत असते. त्याच फोटोतली ही भिंत सांगते की चार महिने इथे बोललेलं ऐकू येत नसणार.

आवाजांपैकी काही मात्र अजून तसेच मिळतात. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्याशेजारी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. धातू तोच, म्हणजे नादही तोच. रंगांचे साक्षीदारही आहेत. मेणवलीच्या वाड्यात आणि वाईच्या मोतीबागेत पेशवाईतली भित्तिचित्रं आहेत. छायाचित्रणाच्या कितीतरी आधीची, आणि रंगीत. काळाच्या क्रमानं आधी रंग आणि मग करडेपणा. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले कण वापरून रंगीत काच विकायला काढली, आणि अल्बेर कान या धनिकानं पाठवलेला स्टेफान पासे १९१३-१४ मध्ये भारतात येऊन अशा काचांवर फोटो घेऊन गेला. त्यांतले फेटे आणि लुगडी पाहिली की काही क्षण वाटतं, हे आत्ताचं कुणी तरी वेष करून काढलंय.

हल्ली संगणक जुने फोटो क्षणात रंगवून देतो. त्यात एक गोम आहे. करडी छटा पाहून तो रंगाचा अंदाज करतो, आणि तो अंदाज नंतरच्या काळातल्या फोटोंवर शिकलेला असतो. ओल्या काचेवरचं काळं म्हणजे लाल असू शकतं, हे त्याला कुणी बजावून सांगितलेलं नसतं. तो आलवणाला काळाच ठेवतो, किंवा तपकिरी करतो. पगडीचंही तेच. कुंकवाच्या जागी तर पुष्कळदा चामखीळ रंगवून ठेवतो.

त्यापेक्षा घरात ऐंशी-नव्वदीची कुणी आजी असेल तर अल्बम घेऊन तिच्यापाशी बसावं. साडी कसल्या रंगाची होती, काठ कोणता, त्या दिवशी ऊन होतं की आभाळ, फोटोवाला काय म्हणाला, मागच्या भिंतीपलीकडे काय शिजत होतं, हे सगळं ती सांगते. सांगेल ते फोटोच्या मागे लिहून ठेवावं, पण मऊ शिसाच्या पेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उठते आणि शाई कालांतरानं पाझरते.